शेवग्यावरचा रेडिओ

येडूनं रेडिओच्या पाठीत पुन्हा एक चापट मारली. आतनं क्षणभर बाईचा आवाज आला, कांद्यावरच्या करप्याचं काहीतरी सांगू लागला आणि लगेच बुडाला. उरली ती टकटक. टक्, टक्, टक्. वाळक्या लाकडावर कुणी नखानं मारत बसावं तशी, एका लयीत, दम न खाता.

"मारून मारून मरंल की त्यो," चुलीपुढनं अंबुबाई म्हणाली.

"मरू दे. नाटकं करतंय."

"माजं डोळं गेलं तवा बी तुमी असंच म्हनला हुता."

येडूनं रेडिओ मांडीवर उपडा घेतला.

रेडिओ त्याच्या बापाचा. बापानं दोन मेंढे विकून मोडनिंबच्या बाजारातनं आणलेला. चामड्याच्या पिशवीला आता चामडं कमी आणि येडूनं दाभणानं घातलेले टाके जास्त होते. एरियल निम्मी मोडलेली, बँड बदलायच्या खटक्यात काडीपेटीची काडी खुपसून ठेवलेली, आवाजाच्या बटणाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा. पोटात तीन जाडे सेल. बाप मेंढरामागं जाताना तो गळ्यात अडकवायचा. बापामागं येडूनं गळ्यात अडकवला. आणि अंबुबाईचे डोळे गेल्यापासून तो दारातल्या शेवग्यावर टांगलेला असायचा, सकाळी दिवस उगवल्यापासून दिवस मावळेपर्यंत.

डोळ्यात काचबिंदू झाला होता. सोलापूरच्या डॉक्टरानं सांगितलं, गेलेली नजर परत यायची नाही. अंबुबाईनं ते ऐकून घेतलं, वस्तीवर आली आणि चौथा दिवस उजाडायच्या आत पुन्हा शेळ्यांच्या धारा काढायला बसली. धारेला डोळे लागत नाहीत. पण शेळ्यांपर्यंत पोचायला लागतात. तेव्हा तिनंच हे शोधून काढलं. उंबऱ्यात उभं राहिलं की रेडिओ तोंडासमोर. तो उजव्या कानाला धरून चाललं की शेळ्यांचा कूड. डाव्या कानाला धरून चाललं की हौद. पाठीवर घेऊन नीट गेलं की ज्वारीची पट्टी, आणि घरी यायचं तर पुन्हा तोंडावर घ्यायचा. बातम्या असोत, भजन असो, शेतकी असो, तिला नुसता आवाज पाहिजे असायचा. तरी ती ऐकायचीच. कुठल्या बाजारात तूर पडली हे येडूच्या आधी तिला ठाऊक असायचं, आणि मेंढरामागनं दमून आलेल्या येडूला ती ते दम घेऊ द्यायच्या आत सांगायची.

धनाजीनं, म्हणजे त्यांच्या पोरानं, एक मोबाइल आणून दिला होता. त्यावर दिवसभर गाणी लावून ठेवा म्हणाला. पण वस्तीवर रेंज येऊन जाऊन, चार्जिंग दुपारीच संपायचं, आणि त्या गुळगुळीत काचेवर कुठं बोट ठेवायचं हे आंधळ्या माणसाला कळणार कसं? मोबाइल कोनाड्यात पडून राहिला. रेडिओचं बटण मात्र अंबुबाईच्या बोटाला सापडायचं.

आणि आता त्या रेडिओला ही टकटक लागली होती.

टकटक सुरू झाली की स्टेशन आत दबून जायचं. नुसत्या टकटकीवर चालावं म्हटलं तर तिचा आवाज बारीक, वाऱ्याची झुळूक आली की हौदापर्यंतही पोचायचा नाही. गेल्या रविवारी तेच झालं होतं. अंबुबाई कळशी घेऊन निघाली, मधेच रेडिओ दबला, ती थांबली, कानोसा घेतला, दोन पावलं अंदाजानं टाकली आणि हौदाच्या काठाला अडखळून पाण्यात गेली. पाणी गुडघाभरच, पण कोपर कठड्यावर आपटलं. येडू मेंढरामागं लांब गेलेला. धनाजी सुट्टीचा आलेला होता म्हणून बरं. त्यानं तिला बाहेर काढलं, कोपर धुतलं, आणि येडू आल्यावर उभ्याउभ्याच म्हणाला,

"आबा, बास झालं आता. आईला मी घिऊन जातो. येत्या रविवारी येतो, बोचकं बांधून ठिवा."

येडूनं अंबुबाईकडं बघितलं. ती ओल्या लुगड्याचा पदर पिळत होती.

"मी कशाला येऊ?" ती म्हणाली. "हितं माजं काय आडलंय?"

"हौदात पडलीस, आनि आडलंय काय म्हनतीस?"

"रेडिव बिगाडलाय. त्यो दुरुस्त झाला की झालं."

"आनि न्हाय झाला तर?"

तिनं पिळलेला पदर झटकला. मग म्हणाली, "न्हाय झाला तर येती."

झालं. बोलून बसली. अंबुबाई एकदा बोलली की बोलली, हे बापलेक दोघांनाही ठाऊक. धनाजी चिंचोळीच्या एमआयडीसीत कामाला, तिथंच जवळ एका खोलीत राहायचा. सून रुपालीही पाकिटं भरायच्या कामाला जायची. डोळ्याच्या इलाजाला गेली तेव्हा अंबुबाई त्या खोलीत राहून आली होती. पोरगा गुणाचा, सून मायेची, त्यात काही खोट नव्हती. पण दोघं कामाला गेली की बाहेरनं कडी. परत आल्यावर ती येडूला म्हणाली होती, "चार भिंती हाताला लागायच्या. पन कानाला कायबी लागायचं न्हाय."

तेव्हापासून येडूच्या जिवाला थारा नव्हता. मेंढरं माळावर सोडायची आणि लक्ष सगळं शेवग्याकडं. तंबाखू मळायला घेतली की चुना लावायचा राहून जायचा.

आधी त्यानं सेल बदलले. टकटक गेली नाही. मग नवे सेलही खोटे असतील म्हणून ते उन्हात पत्र्यावर तापत ठेवले. मग सेलाच्या खणातल्या स्प्रिंगला हिरवा गंज दिसला, तो काडीपेटीच्या कडेनं घासून काढला. स्प्रिंग चकचकीत झाली, आवाज जरा वाढला, आणि टकटकही त्याच मापानं वाढली. मग आवाजाचं बटण शंभरदा इकडनं तिकडं फिरवलं. मग बिरोबाच्या देवळातला भंडारा आणून रेडिओच्या कपाळाला लावला.

अंबुबाईला वास आला. "भंडारा कशाला काडलाय?"

"आसू दे."

"रेडिवला लावला व्हय? अवं, देवाला बी आता रेडिव दुरुस्तीला बसवता का?"

"तू गप. कुनाची नजर लागली आसंल."

"कुनाची लागनार? आपल्या रेडिववर कोन जळतंय?"

सिद्रामप्पाचं नाव येडूच्या ओठावर आलं होतं, पण त्यानं गिळलं. सिद्रामप्पा बांधाला बांध लागून असलेला. येडूच्या शेळ्यांनी त्याची डाळिंबाची रोपं खाल्ली, त्यावरनं दोघांची जुंपली, तेव्हापासून बोलणं बंद. यंदा कालव्याच्या बाजूला ऊस वाढला आणि उसात रानडुकरं माजली, म्हणून सिद्रामप्पानं दिवाळीनंतर मक्याभोवती विजेच्या झटक्याची तार ओढली. मशीन गोठ्यात, वर सोलरची पाटी, आणि तार बांधाबांधानं पार ओढ्यापर्यंत. "दिसा येडूची शेरडं, राती डुकरं, म्हनून मी मशीन बंदच करत न्हाय," असं तो चारचौघांत म्हणाल्याचं येडूच्या कानावर आलं होतं. ते त्याला झोंबलं होतं.

भंडाऱ्यानंही भागलं नाही, तेव्हा येडूनं रेडिओ उघडला.

मागचे स्क्रू काढले, पाठ उचलली. आत धुळीचा थर, एक मेलेलं झुरळ, तारांचं जाळं. धूळ फुंकली. आणि मग त्याला ते दिसले. करंगळीच्या नखाएवढे पत्र्याचे डबे, आणि एकेकाच्या डोक्यावर रंगीत स्क्रू. पिवळा, पांढरा, काळा, तांबडा. सगळेच्या सगळे ढिले! कुठला वर आलेला, कुठला वाकडा. येडूच्या जिवात जीव आला. कुठल्याही अवजाराचा स्क्रू ढिला झाला की ते वाजणारच. पाभर वाजते, गाडी वाजते, मग रेडिओ का वाजणार नाही?

"अंबे, घावलं!" तो ओरडला. "समदं ढिलं झालंया आतनं!"

"मग कसा की."

त्यानं एकेक स्क्रू कसला. चांगला हिसका देईपर्यंत कसला. पांढरा तर कटकन वाजला, तेव्हाच थांबला. पाठ लावली, सेल भरले, बटण फिरवलं.

टकटक गेली होती. बाईचा आवाजही गेला होता, भजनही गेलं होतं. काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला, तर आतनं नुसता सूं असा आवाज, रिकाम्या विहिरीत कान घातल्यासारखा.

अंबुबाई हात पुसत उंबऱ्यात आली. उभी राहिली. उजवा कान केला, डावा कान केला.

"लावा की," ती म्हणाली.

"लावलाय," येडू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मेंढरं कुडातच ठेवून, त्यांच्यापुढं सुबाभळीचा पाला टाकून येडू मोहोळला गेला. जाताना सिद्रामप्पाच्या वाटेनंच जावं लागायचं. सिद्रामप्पा मक्याच्या कडेला उभा होता. कणसं खाली पडलेली, ताटं आडवी झालेली, माती उकरलेली. त्यानं येडूशी न बोलता, पण येडूला ऐकू जाईल असं मक्याकडं बघून म्हटलं,

"झटका लावून बी डुकरं आत येत्यात. तारंला कोन हात लावतंय, देवाला ठावं."

येडूही मक्याकडंच बघून म्हणाला, "ज्याच्या मनात पाप, त्याला समदी चोरच दिसत्यात." आणि पिशवी काखेत दाबून तरातरा निघाला.

मोहोळात रेडिओ दुरुस्तीवाल्या कासीमचं दुकान स्टँडच्या मागल्या गल्लीत. आता दुकान त्याचा पोरगा गुफरान चालवायचा, पुढं सगळी मोबाइलची कव्हरं लटकत होती. कासीम आत भिंतीशी, जुनी पेटी पुढ्यात घेऊन बसलेला, डोळ्यावर जाड भिंगाचा चष्मा.

"या मामा. बापजाद्याचं धन काडलं वाटतं भाईर?"

"आदी टकटक करत हुता, आता कायच करंना."

कासीमनं पाठ उघडली. वाकून आत बघितलं. बघत राहिला. मग चष्मा कपाळावर सरकवून येडूकडं बघितलं.

"मामा, खरं सांगा. ह्याच्यात हात कुनी घातला?"

"कुनी न्हाय."

"रंगीत स्क्रू कुनी पिळलं?"

"ढिलं हुतं," येडू म्हणाला.

पुढं गुफरान फस्सकन हसला. एक गिऱ्हाईक होतं, तेही वळून बघायला लागलं. येडूनं मान खाली घातली, पायातल्या वहाणेचा अंगठा दाबत उभा राहिला.

"या अल्ला," कासीम म्हणाला. "हसू नको रे गुफरान. मामा, त्ये पाभरीचं नट न्हाईत. त्ये ढिलंच आसत्यात. ह्यो एकेक डबा दुसऱ्या डब्याशी सूर जुळवून बसवलेला आसतुय. भजनाला बसल्यावर समद्यांनी एकाच पट्टीत म्हनायचं, तसं. तुमी येकेकाचा गळा आवळला. आता कोन गानार?"

"मग मेला का?"

"बगू या."

कासीमनं लोखंडी पेचकस घेतलाच नाही. बांबूची एक कामटी चाकूनं तासून पातळ केली आणि कान रेडिओला लावून एकेका स्क्रूला नुसता धक्का देत बसला. जरासा उलटा, जरासा सुलटा. येडू शेजारी उकिडवा. कासीमच्या कपाळावरचा घाम आणि येडूच्या कपाळावरचा घाम एकाच वेळी निथळत होता. सूं आवाज हळूहळू दाट झाला. त्यात कुठंतरी लांब, आडात पडल्यासारखं कुणी बोलायला लागलं. पिवळा स्क्रू. बोलणं वर आलं. काळा. आणखी वर आलं. पांढऱ्याच्या आतला गाभा फुटला होता. तो कासीमनं एका मोडक्या रेडिओतनं काढून घातला. आणि दुकानात एकदम सनईचा आवाज घुमला, साफ, टकटकीचा मागमूस नाही.

येडू तटकन उठला. त्यानं कासीमचा हात दोन्ही हातांनी धरला.

"मामा, एक डाव बरा केला," कासीम म्हणाला. "आता कामटीनं बी हात लावू नगा. लावला तर मला तोंड दाकवू नगा."

जीपमधनं येताना येडूनं रेडिओ चालूच ठेवला. लोकं हसली तर हसली. फाट्यावर उतरला तरी चालू. माळाच्या वाटेनं चालू. त्याला वाटलं, चालता चालता आपली पावलंही सनईवर पडतायत. ओढा ओलांडला. सिद्रामप्पाचा मका दिसायला लागला.

टक्.

तो थांबला.

टक्, टक्, टक्.

रेडिओ हलवला. कानाशी धरला. वाटेत हिसका बसला असेल म्हणून थोडा मागं आला, दगडावर बसून गार होऊ दिला. ओढ्याच्या पलीकडं साफ होता. पुन्हा पुढं निघाला, पुन्हा टकटक. वस्तीवर पोचला तेव्हा सनई कधीच बुडाली होती. शेवग्याखाली त्यानं पिशवी टेकवली आणि तिच्याशेजारी मातीत बसला.

"आलासा?" अंबुबाई आतनं आली. चेहऱ्यावर उजेड होता. "लांबनं ऐकू आला मला. मग काय झालं?"

"जागाच वाईट हाय," येडू म्हणाला. "मोहोळात गातुय, हितं आला की गळा धरतंय कुनीतरी. जा तू. जा धनाजीकडं. माजं डोस्कं चालंना झालंय."

ती पुढं झाली. हातानं चाचपत त्याच्याजवळ बसली, रेडिओ उचलून मांडीवर घेतला.

दुसऱ्या दिवशी शनिवार. येडूनं मेंढरं जवळच सोडली, बांधाच्या आसपास. मन नव्हतं. बोचकं दारात बांधून पडलं होतं: दोन लुगडी, डोळ्यात टाकायची बाटली, दातवणाची पुडी. अंबुबाई शेवग्याच्या सावलीत रेडिओ मांडीवर घेऊन बसली होती. हातातलं काम काढून घेतल्यासारखी. तिला कधी अशी बसलेली येडूनं बघितली नव्हती.

मेंढरं वळवून तो पाणी प्यायला आला, तेव्हा ती रेडिओ हातात धरून हळूहळू फिरवत होती. या अंगानं, त्या अंगानं.

"काय करतीस?"

"हिकडं या. ऐका." तिनं रेडिओ आडवा धरला. टकटक ठणठणीत. मग त्याची एक बाजू कुडाकडं केली. टकटक बारीक झाली. "आसा धरला की मोटी. आसा धरला की बारीक."

"मग?"

"मग काय? आतनं येत आसती तर कसा बी धरला तरी सारकीच आली आसती की. ही भाईरनं येती."

"भाईरनं कुठनं? हितं कोन टकटक करतंय?"

"त्येच बगायचं. काठी घ्या."

येडूनं काठीचं एक टोक धरलं, दुसरं तिनं. असं तो तिला लग्नाकार्याला न्यायचा. पण आज काठी मागनं ढकलली जात होती. ती म्हणेल तिकडं तो चालला. ती रेडिओ छातीशी धरून, मान कलती करून, पावलाला पाऊल लावत येत होती. ज्वारीच्या पट्टीकडं गेले, बारीक झाली. परत फिरले. बांधाकडं वळले, मोठी झाली. आणखी पुढं. आणखी मोठी. बांधावर चढले तेव्हा रेडिओ हातात धरवेना इतका तडतडत होता.

"थांबा," अंबुबाई म्हणाली. "हितं. हितंच हाय काय तरी. काय दिसतंय?"

येडूच्या समोर सिद्रामप्पाची तार होती. तार लोखंडी खांबाला लागू नये म्हणून मधे प्लॅस्टिकचा गट्टू असायचा, तो तडकून पडलेला. तार सुटून खांबाला जवळजवळ टेकली होती, आणि त्या फटीत मुंगीएवढी निळी ठिणगी उडत होती. चट्. चट्. चट्. रेडिओच्या टकटकीशी तंतोतंत.

"आयला," येडू म्हणाला, आणि नीट बघावं म्हणून बोट पुढं केलं.

पुढचं त्याला कळलंच नाही. खांद्यापर्यंत कुणीतरी घण घातला, आणि तो बांधावर बसला होता, टोपी एकीकडं, तो एकीकडं.

"काय झालं? अवं!"

"कायबी न्हाय. बसलोय."

"हात लावला?"

"...व्हय."

अंबुबाईला हसू आलं. दाबायला गेली, पण दाबलं नाही. पदर तोंडावर घेऊन ती इतकी हसली की रेडिओ पोटावर हलायला लागला. येडूलाही हसू आलं असतं, पण तेवढ्यात मक्यातनं सिद्रामप्पा धावत आला. हातात विळा.

"घावलास का! म्या म्हनतच हुतो! तार तोडतोस व्हय रं येडू? बायकूला घिऊन?"

येडू उठायला गेला, पण हातातनं अजून मुंग्या जात नव्हत्या. अपमानानं त्याचं तोंड लाल झालं. तो काही वंगाळ बोलणार, तोच अंबुबाई पुढं झाली. आवाजाच्या दिशेनं तोंड करून म्हणाली,

"आप्पा, तुमची तार तुटली न्हाय, चिकटलीया. झटका खांबातनं मातीत जातुया. मग डुकरं आत येतील न्हायतर काय?"

"तुमाला काय दिसतंय अक्का?"

"दिसत न्हाय. ऐकू येतंय." तिनं रेडिओ पुढं केला. "ही टकटक तुमच्या मशीनची हाय. पटत नसंल तर जावा, मशीन बंद करा. म्या हितंच हाय."

सिद्रामप्पा रेडिओकडं बघत राहिला, मग येडूकडं, मग पडलेल्या टोपीकडं. विळा खाली केला. तसाच वळून गोठ्याकडं गेला. रेडिओ तडतडत होता. आणि एकाएकी टकटक तुटली. बांधावर, मक्यावर, सगळ्या रानावर एका माणसाचा आवाज पसरला. तो जनावरांच्या लाळ्या-खुरकुताची लस कधी टोचायची ते सांगत होता. येडूला वाटलं, असं गोड कुणी आयुष्यात बोललं नव्हतं.

मग पुन्हा टक्. सिद्रामप्पानं मशीन चालू केलं होतं. मग बंद. मग चालू. त्यानं तीनदा करून बघितलं, तेव्हा कुठं परत आला.

"म्हंजी डुकरं..." तो म्हणाला आणि थांबला.

"डुकरंच," येडू म्हणाला. "माजी शेरडं न्हवं."

सिद्रामप्पानं वाकून येडूची टोपी उचलली, झटकली, आणि त्याच्या हातात न देता तारेच्या खांबावर ठेवली. नवीन गट्टू आणायला म्हणून गोठ्याकडं गेला. जाताना मागं न बघता म्हणाला, "जोरात बसला व्हय रं?"

"तुजं मशीन चांगलं हाय," येडू म्हणाला.

गट्टू बसवला. तार ताणली. तरी टकटक पुरती गेली नाही, लांब गेली. आणखी कुठंतरी तार टेकत होती. दिवस मावळतीला गेला, मेंढरं ओरडायला लागली, म्हणून राहिलेलं दुसऱ्या दिवसावर टाकलं. येडूच्या मनातली हुरहुर मात्र गेली नव्हती. उद्या रविवार. बोचकं दारातच होतं. रेडिओ अजून टकटकत होता. अंबुबाईनं शब्द दिला होता, आणि शब्द फिरवायची तिची रीत नव्हती.

सकाळी तो मेंढरांना पाला टाकत होता, तेव्हा सिद्रामप्पा बांधापलीकडनं हाका मारायला लागला. "येडू! अक्कास्नी घिऊन ये की. रेडिव बी आन."

"येत्यात," येडू म्हणाला.

पण अंबुबाई आधीच निघाली होती. रेडिओची पिशवी गळ्यात, काठी हातात, काठीचं दुसरं टोक कुणाच्याच हातात नाही. टकटकीला तोंडावर घेऊन ती बांधावर चढली, आणि मग तारेच्या अंगाअंगानं चालायला लागली. तारेपासून हातभर लांब. लांब कसं राहायचं ते तिला कुणी सांगावं लागलं नाही. जवळ गेली की रेडिओ ओरडायचा, ती पाऊल बाजूला घ्यायची. मागनं सिद्रामप्पा पक्कड आणि गट्टूंची पिशवी घेऊन, कारभाऱ्यामागं गडी चालावा तसा चालला होता. त्याच्या मागं येडू. एका जागी वेड्या बाभळीची फांदी तारेवर आली होती, ती तोडली. एका जागी तार गवतात लोळत होती, ती पकडीनं उचलली. प्रत्येक वेळी टकटक जरा मागं सरायची आणि रेडिओतला माणूस जरा पुढं यायचा.

"अजून हाय," अंबुबाई म्हणायची. "वड्याकडं."

ओढ्याच्या वळणाजवळ पोचले, तेव्हा वस्तीच्या वाटेवर मोटारसायकल दिसली. धनाजी होता. वस्तीवर कुणी दिसेना म्हणून तो गाडी तशीच बांधाच्या कडेनं घेऊन आला. दारातलं बोचकं उचलून पुढं टाकीवर घेतलं होतं. गाडी चालूच ठेवून, एक पाय खाली टेकून तो बघायला लागला. पुढं आई, मागं सिद्रामप्पा, त्याच्यामागं आबा.

येडू दोन पावलं पुढं झाला. पोरगं खोटं नव्हतं. आई हौदात पडलेली त्यानं बघितली होती. येडूनं तोंड उघडलं, काहीतरी सांगावं म्हणून, रेडिओ अजून पुरता बरा नाही, पण होतोय, अजून एक दिवस दे, असं काहीतरी. पण धनाजीचं लक्ष आईकडंच होतं.

"आई," धनाजी म्हणाला. "चल. आज दुपारी जादा शिफ्ट लागलीया. उन्हाच्या आत जाऊ."

अंबुबाई थांबली नव्हती. रेडिओ कानाजवळ घेऊन ती एका खांबापाशी वाकली होती. तेवढ्यात गाडीच्या फटफटीबरोबर रेडिओतही फरफर सुरू झाली, आणि टकटक, माणूस, सगळंच त्यात मिसळून गेलं. तिनं कपाळाला आठी घातली. डावा हात वर करून पोराच्या दिशेनं, जरा रागानंच, हलवला.

"गाडी बंद कर आदी," ती म्हणाली. "ऐकू येईना झालंय."

धनाजीनं तिच्याकडं बघितलं. तिच्या पायाकडं बघितलं, तारेकडं बघितलं, आणि मधल्या त्या हातभर जागेकडं बघितलं. मग त्यानं किल्ली फिरवली.